उजव्या हाताचं मलम

(फणसवाडी. शामरावांचा मलमाचा कारखाना, म्हणजे दोन खोल्या. मलम बनवणारे त्यांचे रसायनतज्ज्ञ जयवंत शेजारी. लालबागच्या गिरणीतली रखमा समोर उभी.)

शामराव: ...तेव्हा जयवंतराव, मुंबईसह महाराष्ट्र मिळेल तेव्हा मिळेल, पण मराठी कातडीचा दाह शमवला तो या फणसवाडीनं!

जयवंत: सध्या गिरणीतल्या बारा बायकांचा शमवलाय. रखमाबाई, दाखवा हात.

रखमा: ह्ये बघा. रंगाच्या सुतानं नुसती आग व्हायची. परवाच्या मोर्चात मूठ वळत नव्हती. आता वळते.

शामराव: दोन्ही?

रखमा: दोन्ही.

जयवंत: तेच कळत नाही. डाव्याला निर्गुंडीचा अर्क होता, उजव्याला नुसतं व्हॅसलीन. फरक दिसावा म्हणून! अर्क कातडीवरच बसून राहायचा. तो आत मुरावा म्हणून तीन वर्षं घातलीत मी.

रखमा: भाऊ, तिसऱ्या दिवशी डावा निवला, उजवा पेटलेलाच. एका हातानं सूत कसं सांधायचं? मग डाव्याचंच दोन्हीकडं चोळलं. बाराही जणींनी.

जयवंत: आणि उजव्याची डबी?

रखमा: दाराच्या बिजागरीला लावली. करकर थांबली हो, खोटं कशाला बोलू.

जयवंत: ऐकलंत, शामराव? अर्क चालतो!

शामराव: ऐकलं. पण कागदावर काय आहे? 'दोन्ही हात सारखेच बरे.' खाली बारा अंगठे. अक्षर तुमचं.

जयवंत: सकाळी हात पाहून लिहिलं. विचारायचं राहिलं.

शामराव: म्हणजे तुमच्याच प्रयोगानं ठरलं, व्हॅसलीन पुरतं.

जयवंत: अहो, तिनं आत्ता तुमच्या तोंडावर सांगितलं!

शामराव: परवान्याचा साहेब अर्जाला कागद जोडायला सांगतो, बाई नाही. अर्काला आठवडा जातो. व्हॅसलीन तयार पिंपात येतं.

जयवंत: मी पुन्हा प्रयोग करतो.

शामराव: करा की. घरी.

रखमा: आमच्यामुळं बिघडलं का ओ?

जयवंत: नाही बाई. तुम्हाला एकच हात असता तर नीट झालं असतं.

रखमा: माझी डबी काल संपली. उद्या गिरणीत पाळी आहे.

शामराव: सोमवारपासून लालबागेत दुकानात मिळेल.

रखमा: डाव्याची का उजव्याची?

शामराव: निर्गुंडीची. झाकणावर पान छापून आलंय.