दारातला पेला

बसा भाऊ, खाटेवर बसा, तिकडं ऊन येतं. वही काढा हवी तर, पण मी काही सरळ सांगणारी बाई नाही, मधेच दुसरीकडं जाईन, तुम्ही मागं ओढा. माझं नाव सुमन. गाव हेच, सोनगीरच्या जवळ, आग्रा रोडला लागून, किल्ला इथून दिसतो, लहानपणी आम्हाला वाटायचं तो आमचाच आहे. सासर साक्रीकडं. तिथं मी अंगणवाडीत मदतनीस आहे, बावीस वर्षं झाली, पोरांचं नाक पुसायचं, खाऊ शिजवायचा, झाडलोट करायची. म्हणून तुमच्याशी जरा शाळेतलं बोलते. पण मायचं सांगायला लागले की अहिराणी येईल बरं, माय दुसरं काही बोलतच नव्हती.

तुम्ही फौजीचं घर म्हणून आलात. फौजी माझा बाप. मी त्यांना पाहिलं नाही आणि त्यांनी मला पाहिलं नाही. एकाहत्तरच्या साली आखाजीला ते सुट्टीवर आले व्हते. आखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया, पण आमच्याकडं ती दिवाळीपेक्षा मोठी, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वैशाखाचं ऊन, वर गेलेल्याला तहान लागते, म्हणून पाणी. उंबऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढायचं, घागरीवर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या. तर त्या आखाजीला माझे आजोबा-आजी, दोघांच्या घागरी दादांनी स्वतः भरल्या, दादा म्हणजे बाप, मी त्यांना दादा म्हणते, म्हणजे म्हणले असते. आणि चार दिवसांनी रोडवर ट्रकला हात करून गेले. जाताना मायला म्हणाले, पुढली आखाजीले येस, म्हणजे येतो. बस, एवढंच. माय तेव्हा अठरा-एकोणीसची, तिनं ते गाठीला बांधून ठेवलं.

मग थंडीत लढाई झाली. तार आली, बेपत्ता. मी तेव्हा पोटात, आठवा महिना. माय सांगायची, तार वाचणाऱ्याला तिनं विचारलं, बेपत्ता म्हणजे मेले का. तो म्हणाला, नाही, सापडत नाहीत. माय म्हणे, मंग सापडतीन.

माघात मी झाले. आणि माझं बारसं झालं त्यानंतर कधीतरी पेटी आली. ती बघा, कोपऱ्यातली काळी. वर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर, नाव आता अर्धं उडालंय, नंबर आहे. लढाईला जाताना जे मागं ठेवलं ते सगळं त्यात व्हतं. एक घोंगडी, एक स्वेटर, बुटाचा ब्रश, आणि जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला, कानाचा, बुडाखाली खिळ्यानं नंबर कोरलेला. आणि एक पत्र. काय सांगू भाऊ, ते पत्र मी शाळेत जायला लागल्यावर इतक्या वेळा वाचलंय. वर तिचं नाव, मग अनेक आशीर्वाद, मग पत्र लिहिण्यास कारण की. पुढं काही नाही. कागद कोरा. मायला वाचता येत नव्हतं, ती गुरुजींकडं घेऊन गेली, गुरुजींनी वाचलं, माय म्हणे, पुढं? गुरुजी म्हणाले, पुढं काही नाही बाई. तरी ती दर वर्षी कोणाला ना कोणाला दाखवायची, जसं काही नवीन माणूस वाचेल तर पुढचं निघेल.

पेल्याचं तिला वेगळंच लागलं व्हतं. पेला घरी आला, मग ते पाणी कशात पितीन? लोक सांगायचे, अगं त्यांच्या कंबरेला बाटली असते, फौजेत सगळं देतात. तिला पटायचं नाही. मग सरकारी कागद आला, की इतकी वर्षं शोध लागला नाही तेव्हा मयत समजण्यात येत आहे. तो कागद घेऊन आलेल्या माणसाला माय म्हणाली, तुम्ही समजा, मी समजाव नही. अंगठा दिला, सरकारशी भांडून ती काय करणार, पोर पोसायची व्हती. पण कुंकू पुसलं नाही, गळ्यातली पोत काढली नाही. गावात काही बाया हळदीकुंकवाला बोलवायच्या, काही दार लोटून घ्यायच्या. तिनं कोणाला दोष दिला नाही. मी द्यायचे, मनातल्या मनात, माझा स्वभाव जरा तिखट आहे.

तर आखाजी आली की सगळ्यांच्या घरी घागरी. आमच्या घरी माय पेटी उघडायची, पेला काढायची, चिंच आणि राख लावून घासायची, नुसता चकचकीत, मग ताज्या पाण्यानं भरून दारात ठेवायची. आत नाही, बाहेर, उंबऱ्याच्या पलीकडं. आत ठेवलं तर ते मेलेल्याचं पाणी. बाहेरचं पाणी येणाऱ्याचं. दिवसभर दार उघडं. दिवस मावळला की पाणी तुळशीला घालायची आणि पेला पुसून परत पेटीत. त्यातून कोणाला प्यायला दिलं नाही तिनं, मलासुद्धा नाही. एकदा मी चोरून ओठाला लावला तर अशी पाठीत दिली की अजून आठवते.

आता माझी चूक सांगते. ती सांगायचीच आहे, नाहीतर बाकीचं सांगून काय उपयोग.

मी आठेक वर्षांची असेन. शेजारचं घर नानांचं, नाना म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, माझे काका. आखाजीला मी झोक्यावरून उतरले आणि सांजोरी मिळते का बघायला त्यांच्या घरात गेले. तिथं घागरी तीन. आजोबांची, आजीची, हे मला माहीत व्हतं. मी विचारलं, नाना, हाई तिसरी कोनी शे? नाना खाली बसून कुंकू लावत व्हते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, तुना बापनी शे. मना भाऊ तान्हेला शे बेटा, कोनी तरी पानी देवाले पाहिजे ना. आणि म्हणाले, मायले सांगू नको.

मी सांगितलं. धावत जाऊन सांगितलं. मला काय कळत व्हतं, मला वाटलं दादांची पण घागर आहे, म्हणजे आमचं पण सगळ्यांसारखं आहे. मायचे हात पिठाचे व्हते. ती तशीच उठली, नानांच्या घरात गेली, ती तिसरी घागर उचलली आणि अंगणात आपटली. खरबूज लोळत लोळत रोडपर्यंत गेलं. आणि ओरडली, जित्ता माणूसनी घागर कोनी भरस का? तू भाऊ शे का वैरी? नाना फुटलेली खापरं गोळा करत बसले, काकू रडत व्हती. मी झोक्याला धरून उभी.

त्या दिवसापासून माय आणि नाना बोलले नाहीत. भिंतीला भिंत लागून घर, तरी वीस-बावीस वर्षं नाही. आमची कामं नाना करून जायचे, औत आमच्या शेतात आधी घालायचे, पण बोलणं नाही. नाना गेले तेव्हा माय त्यांच्या पायाशी उभी राहिली आणि तशीच परत आली. माझ्या एका चहाडीनं दोन माणसं मुकी झाली. लोक म्हणतात लहान व्हतीस, मला ते पुरत नाही.

एकदाच त्या पेल्यातून कोणी प्यायलं. मी पंधरा-सोळाची असेन, आखाजीच्या दुपारी रोडवर ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरला, दाढीवाला, उंचापुरा, पार पंजाबकडचा, दारात पाणी दिसलं, त्यानं उचलून घटाघटा पिऊन टाकलं. पेल्याचा आवाज झाला तशी माय चुलीपासून धावत आली. मला वाटलं आता याचं काही खरं नाही. पण ती दारात थांबली आणि त्याच्याकडं बघतच राहिली. तो घाबरला, म्हणाला, माताजी गलती हो गई. माय म्हणे, पी ले भाऊ, आजून पी ले. त्याला बसवलं, पुरणपोळी वाढली, आमरस वाढला, नको म्हणाला तरी वाढला. ट्रक गेला आणि मग ती रडली. तेवढंच तिला रडताना पाहिलंय मी, आधी नाही, नंतर नाही.

गेल्या पौषात माय गेली. चार दिवस अंथरुणावर व्हती, काही मागितलं नाही, नुसतं विचारायची, दार उघडं शे का? मी म्हणायची, उघडं शे माय. थंडी व्हती, तरी उघडं ठेवलं.

मग अंगणात बाया जमल्या आणि कुजबुज सुरू झाली, लुगडं कोणतं नेसवायचं. हिरवं म्हणजे सवाष्ण गेली. पांढरं म्हणजे तिनं जन्मभर जे कबूल केलं नाही ते आपण तिच्या अंगावर घालायचं. सगळ्या माझ्याकडं बघतात. तेव्हा शेजारच्या घरातून काकू आली, पंच्याहत्तरी गाठलेली, काठी टेकत, काखेत स्वतःच्या पेटीतलं हिरवं लुगडं. कोणाला विचारलं नाही, माझ्या हातात दिलं. मी मायला हिरवं नेसवलं, मळवट भरला, आणि धाडली.

आता बघा माझी काय पंचाईत झाली. परवा आखाजी झाली. गेल्यानंतरची पहिली आखाजी असली की घागर नाही, मोठं डेरगं भरतात. मी सोनगीरच्या बाजारात गेले मायचं डेरगं आणायला. कुंभारीण ओळखीची, म्हणाली, आनि बापनी घागर नही का लेती? मी तिथं उन्हात उभी. मायला मी सवाष्ण म्हणून पाठवलंय, मग आता बापाची घागर कशी भरू? भरली तर मायचं हिरवं लुगडं खोटं, तिचं सगळं आयुष्य खोटं. आणि नाही भरली तर? भाऊ, मलाही कळतं, पन्नास वर्षांवर झाली, माणूस कुठं असेल. बाप तहानलेला आणि पोटची पोर हात बांधून बसलेली. मी एकटंच डेरगं आणलं. 

आखाजीला सकाळी मायचं डेरगं भरलं, कुंकवाचं बोट ओढलं. मग पेटी उघडली, पेला काढला, घासला, भरला आणि दारात ठेवला. आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागले. काकूनं ऐकलं असेल, आली. मी म्हटलं, काकू, दादा तान्हेला शे वं. माले घागर भरता नही येत.

काकू म्हणाली, ऊठ. आणि काठी टेकत निघाली, शेताकडं. मी मागून. आमच्या दोघांच्या शेताच्या बांधावर जुनी विहीर आहे, तिच्यामागं निंब. निंबाच्या बुडाशी घागर. भरलेली, वर खरबूज, दोन सांजोऱ्या, ताजं कुंकू. काकू म्हणाली, नानानी कव्हय बंद करं नही. तुनी मायनी घागर फोडी, त्यानी दुसरा वरिसले आठे भरी, कोनले दिसू नही म्हनीसन. नाना गया, मंग मी भरस. एक वरीस चुकनं नही. तू नको भरू, तू तुनी मायनं चालू ठेव.

मी त्या घागरीजवळ बसले. नाना औत धरून आमच्या शेतात यायचे, मायशी न बोलता जायचे, आणि पन्नास पावलांवर भावाला पाणी देत व्हते. आणि माय दारात बसून त्याच माणसाची वाट बघत व्हती. मी जन्मभर समजत व्हते की माझ्यामुळं माझा बाप पाण्यावाचून राहिला. एकच वर्ष राहिला, भाऊ. ज्या वर्षी मी घागर फोडायला लावली तेवढंच एक.

मी घरी आले, दारातला पेला उचलला, तसाच भरलेला, सांडत सांडत शेतात नेला आणि नानांच्या त्या घागरीत ओतला. मायनं नावं ठेवली असती की नसती, मला माहीत नाही. मग विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि परत आणून दारात ठेवलं, जसं ती ठेवायची तसं. दिवस मावळेपर्यंत दार उघडं ठेवलं. कोणी आलं नाही.

आता मी उद्या साक्रीला जाईन, अंगणवाडीची सुट्टी संपली. काकू आहे तोवर घागर आहे, मी आहे तोवर पेला आहे. पुढचं माझ्या पोरीच्या मनावर, तिला मी काही शपथ घालणार नाही. आखाजी होऊन दोन दिवस झाले तरी पेला पेटीत ठेवायला हात होत नाही माझा, तो बघा, दारातच आहे. तुम्ही एवढ्या उन्हातून आलात आणि मी बोलतच बसले, पाणी विचारायचं राहून गेलं. थांबा, तो माठावरचा ग्लास राहू द्या. ह्यातून प्या. प्या हो भाऊ, मायनं त्या ड्रायव्हरला दिलं व्हतं, मी तुम्हाला देते. दारात आलेलं माणूस पाणी पिऊन गेलं पाहिजे.