मधलं नाव

प्रभाकर : हे यान आहे ना? मग वल्ही कसली मारतायत?

पद्मजा : जादूची वल्ही आहेत, बाबा. सायन्स फँटसी आहे ही. यानही असतं, चेटकीणही असते.

प्रभाकर : एक काहीतरी धरा की मग! आणि ही राणी म्हणे हजार वर्षांची. दात बघ, कालच डेंटिस्टकडून आल्यासारखे.

पद्मजा : पहिलाच एपिसोड आहे. जमेल हळूहळू.

प्रभाकर : यासाठी माझ्या मुलाने तिकडच्या सँडीफोर्डच्या आयटी पार्कातली सोन्यासारखी नोकरी सोडली? बँकेचं सॉफ्टवेअर टाकून इथे गॉलवेला आला, तो ही भुतं रंगवायला?

पद्मजा : भुतं नाही रंगवली सारंगने.

प्रभाकर : बरं, एक कबूल करतो. मघाशी ते तळं आलं ना, धुकं वर उठत होतं... तेवढं मात्र खरं होतं. काटा आला अंगावर. इथल्याच कुठल्या तळ्यावर शूटिंग केलं असणार.

पद्मजा : ते धुकं सारंगचं आहे.

प्रभाकर : म्हणजे?

पद्मजा : तिथे तळं नव्हतंच, नुसता हिरवा पडदा होता. तळं, धुकं सगळं त्याने नंतर कॉम्प्युटरवर केलं. पहाटे उठून कॉरिब तळ्याच्या काठी जाऊन बसायचा, धुकं कसं हलतं ते बघायला. चार महिने तेच करत होता. जानेवारीत काम पूर्ण करून दिलं, आणि फेब्रुवारीत त्या अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेलाच...

प्रभाकर : बायकोला तेवढं सांगितलं. मला बोलला नाही कधी.

पद्मजा : तुम्ही फोन कुठे घेत होतात, बाबा? दोन वर्षं.

(एपिसोड संपतो.)

पद्मजा : आता नावं येतील. चष्मा लावा.

प्रभाकर : अगं, अगं, हे काय! सगळं कोपऱ्यात गेलं! पुढचा भाग सुरू होतोय!

पद्मजा : रिमोट द्या इकडे. असंच करतात मेले. नावं कुणी बघतच नाही ना. हं, आलं परत.

प्रभाकर : किती माणसं गं ही...

पद्मजा : थांबवलंय. तिसरी रांग, खालून चौथं.

प्रभाकर : सारंग... सारंग दामले.

पद्मजा : हो.

प्रभाकर : मधे माझं नाव नाही.

पद्मजा : नाही.

प्रभाकर : दहावीच्या सर्टिफिकेटपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे आहे. राहिलं असेल. या लोकांना मधलं नाव कळतच नाही.

पद्मजा : राहिलं नाही, बाबा. नाव कसं हवं, असा फॉर्म दिला होता स्टुडिओने. याच टेबलावर बसून त्याने पूर्ण लिहिलं, आणि मग तुमचं खोडलं. म्हणाला, ‘असले धंदे करणार असशील तर माझं नाव लावू नकोस, असं बाबांनी सांगितलंय.’

प्रभाकर : रागात बोलतो गं माणूस.

पद्मजा : तेच मी म्हटलं त्याला. म्हणून खोडायच्या आधी तुम्हाला विचारायला फोन लावला त्याने. दोनदा.

(प्रभाकर चष्मा काढून ठेवतो.)

पद्मजा : चहा टाकू?

प्रभाकर : नको. ते धुकं लाव परत. नावांपर्यंत जाऊ नकोस.