जहराची धून

आधी आपापला चहा संपवा, मंग माह्या कॅसेटीचा किस्सा सांगतो. नाहीतर कपात तसाच राहीन.

टीव्ही नवानवाच आला होता तवाची गोष्ट. एका सिरियलले मी सिंथेसायझरवर संगीत देल्लं होतं, अन् त्याच धुना वाढवून मंग कॅसेट काढली. त्याच साली मायले अन् माह्या मामाजीले संग घेऊन वरठीले पोरगी पाहाले गेलो. पोरीच्या बापानं मोठ्या कौतुकानं माहीच कॅसेट लावली. पोरगी चहा घेऊन आली अन् नेमकी तीच धून सुरू झाली. सिरियलमंधी सून सासूच्या चहात जहर कालवे, तवा वाजे ती.

माह्या मायनं कप खाली ठेवला.

म्या म्हटलं, "माय, चहा घे ना."

"तू पे आधी."

मामाजीनं तर कप नाकाशी नेऊन वास घेतला. पोरीचा बाप घाबरला. "काहून जी, साखर कमी पडली का?"

सिरियल पोरीनंही पाह्यली होती. तिनं मायचा कप उचलला, घटाघटा रिकामा केला अन् म्हनाली, "पाहा, जित्ती आहो. माह्यावर शक घेऊन राहिले, मंग हे वाजवनाऱ्यावर काहून नाही?"

लग्न तिच्याशीच झालं. आजही आमचं भांडण झालं का ती मुकाट्यानं चहा आणून पुढं ठेवते, अन् तीच कॅसेट लावते.