रानडुक्कर, प्रौढ नर

हसू नका, माझी पीएचडी अजून चालूच आहे. रानडुकरं पिकात कधी शिरतात, हा विषय. त्यासाठी लातूरकडं आमच्या मामाच्या हरभऱ्यात मी कॅमेरा बांधला. समोर काही हललं की फोटो निघतो आणि फोटोतलं जनावर कॉम्प्युटर ओळखतो. तो प्रोग्राम माझा नांदेडचा दोस्त सलीम यानं लिहिलेला. मामाला मी एवढंच म्हणालो, "कॉलेजचा हाय, लई महागाचा हाय, सांभाळा."

महिन्यानं सलीमला घेऊन गेलो. ओट्यावर लॅपटॉप उघडला, तर फोटोच फोटो! प्रत्येकाखाली एकच शेरा: रानडुक्कर, प्रौढ नर. सलीम एकदम खुश. मी एक फोटो मोठा करून बघितला. घोंगडं पांघरून कॅमेऱ्यापुढं उकिडवा बसलेला आमचा मामा!

"मामा, तुम्ही तिथं काय करत होता?"

"राखण! डुकरानं कॉलेजचा कॅमेरा मोडला असता म्हंजी? रोज रातीला डबा बडवला. एक बी डुक्कर फिरकू दिलं न्हाई."

माझा अख्खा महिना गेला पाण्यात. सलीम बिचारा शरमून म्हणाला, "यार, प्रोग्राममधी गलती हाय. दुरुस्त करतो."

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. तिनं फोटो बघितला, खालचा शेरा वाचला आणि पहिला कप सलीमच्या हातात दिला.

"काही दुरुस्त करू नको, बाबा. लग्न झाल्यापासून मी हेच सांगत आले. आज कुणाला तरी पटलं."