दरडीवरचा शेंदूर

खंडाळ्याच्या घाटात गाडी थांबवून नारळ फोडता ना, तो देव माझ्या बायकोनं, पारूनं केलाय. हसू नका, चहा प्या अन् ऐका.

तवा मी घाटरस्त्याच्या टोळीत होतो. पावसाळ्याआधी कमरेला दोर बांधून कड्यावरनं खाली उतरायचं अन् सुटे धोंडे पहारीनं पाडायचे, म्हणजे पुढं ते मोटारींवर पडत न्हाईत. कड्याच्या टोकाला म्हशीएवढा एक धोंडा राहिला होता. मुकादम म्हणाला, "उद्या तू उतर."

घरी सांगितलं, तर पारू जेवलीच न्हाई. मागल्या साली तिचा भाऊ ह्याच कामात गेला होता.

सकाळी आमी वर गेलो, तर धोंड्याला शेंदूर फासलेला, वर फुलं. टोळीनं पहारी खाली टाकल्या. देवाला पहार कोण लावणार?

रस्त्याचा साहेब तापला. "काल हा दगड होता!"

मुकादमानं हात जोडले. "व्हय साहेब. आज देव हाय."

"अन् तुमचा देव मोटारीवर पडला तर?"

"न्हाई पडायचा. त्याला बसाया चौथरा बांधू."

साहेब बडबडत राहिला, पण धोंड्याखाली दगडचुन्याची भिंत उभी राहिली. अजून हाय.

घरी आलो, तर पारूच्या नखांत शेंदूर. मी म्हणालो, "पारू, असा देव करत्यात व्हय?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्या धोंड्याला देव केला, म्हणून घरातला ह्यो धोंडा जेवाया आला. ताट घ्या म्होरं."