रेडिओवरचा बिबट्या

(मसाई मारा अभयारण्य, भर दुपार. उघड्या छताच्या जीपमध्ये तिघं: स्टिअरिंगवर वाटाड्या लेकिशोन, शेजारी चहाचा मळेवाला गाथोगो, मागच्या बाकावर त्याची मुलगी न्याकिओ.)

गाथोगो : म्हणजे लोक विमानात बसून येतात आणि तू त्यांना गवत दाखवतोस.

लेकिशोन : गवतातली जनावरं दाखवतो, म्झे.

गाथोगो : म्झे म्हणू नकोस. एवढा म्हातारा नाही झालो. आणि ह्या गवतावर तू माझी मुलगी पोसणार?

न्याकिओ : मला कोणी पोसायला नकोय, बाबा. नारोकच्या दवाखान्यात नर्स आहे मी.

गाथोगो : तू गप्प बस. लग्नाला हो म्हणण्याआधी मी ह्याचं काम बघायला आलोय. तास झाला, जागचे हललो नाही. हे काम?

लेकिशोन : सिंहीण आपल्या गाडीच्या सावलीला आलीये. तिचा बछडा मागच्या चाकाला टेकून झोपलाय. गाडी हलली तर चिरडेल.

गाथोगो : मग हाकल तिला. माझ्या मळ्यात गाय शिरली तर मी काय तिची झोप होईपर्यंत थांबतो?

लेकिशोन : ही गाय नाही.

गाथोगो : किती वेळ झोपते?

लेकिशोन : ऊन उतरेपर्यंत. पाच तरी वाजतील.

गाथोगो : आणि आत्ता?

न्याकिओ : सव्वादोन. बाबा, तुम्ही असे का बसलाय? पायावर पाय आवळून?

गाथोगो : माझे पाय, मी कसेही ठेवीन.

न्याकिओ : सकाळपासून अख्खा थर्मास चहा कोणी संपवला?

गाथोगो : इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, म्हणून घरचा आणला. लेकिशोन, मी दोन मिनिटं खाली उतरतो.

लेकिशोन : खाली सिंहीण आहे.

गाथोगो : ती डावीकडे आहे. मी उजवीकडे उतरीन.

लेकिशोन : उजवीकडे तिची बहीण आहे.

न्याकिओ : थर्मास रिकामा आहे ना, बाबा? त्यातच करा.

गाथोगो : तुझ्या आईचा थर्मास आहे तो.

न्याकिओ : आईला सांगू, माकडाने पळवला. लाजताय काय? मी रोज हेच बघते.

गाथोगो : मी तुझा पेशंट नाही, बाप आहे. आणि ह्या गाड्या कुठून उपटल्या?

लेकिशोन : मीच बोलावल्या. एकाला सिंह दिसला की त्याने रेडिओवर सगळ्यांना सांगायचं, अशी आमच्यात रीत आहे. तेव्हा मला तुमची अडचण माहीत नव्हती.

गाथोगो : किती आहेत?

लेकिशोन : नऊ.

गाथोगो : सगळ्यांच्या दुर्बिणी माझ्याकडे.

लेकिशोन : सिंहिणीकडे.

गाथोगो : ती टोपीवाली बाई मला हात करतेय.

न्याकिओ : मग तुम्हीही करा.

गाथोगो : मला आत्ता काहीही हलवता येणार नाही.

लेकिशोन : एक मिनिट. (रेडिओवर) लेकिशोन बोलतोय. नदीकाठच्या मोठ्या उंबरावर बिबट्या. शिकार वर घेऊन बसलाय. लवकर निघा.

न्याकिओ : तिथे खरंच बिबट्या आहे?

लेकिशोन : नाही. चौदा वर्षांत रेडिओवर पहिल्यांदाच खोटं बोललो. गेल्या बघा गाड्या. म्झे, वीसेक मिनिटं आहेत तुमच्याकडे. न्याकिओ, तू मागे बघ. मी पुढे बघतो आणि मोठ्याने पाखरं सांगतो.

गाथोगो : पाखरं कशाला?

लेकिशोन : आवाज झाकायला. धनेश. गरुड. होला. शहामृग. गिनी कोंबडी. टिटवी. करकोचा.

न्याकिओ : बाबा, आटपा. ह्याची पाखरं संपत आली.

लेकिशोन : खंड्या. गिधाड. टिटवी.

न्याकिओ : टिटवी झाली.

लेकिशोन : ही दुसरी टिटवी.

गाथोगो : वळा इकडे. झालं.

रेडिओ : लेकिशोन, उंबर रिकामा आहे. माझे पाहुणे मला शिव्या घालतायत. इतकी वर्षं तुझ्या शब्दावर गाडी वळवली. आता बस झालं. खोटारडा आहेस तू.

लेकिशोन : चुकलं माझं. फांदीला बिबट्या समजलो.

गाथोगो : खरं का नाही सांगितलंस?

लेकिशोन : पाहुण्याची गोष्ट गाडीबाहेर जात नाही.

गाथोगो : मग उद्या सिंह दिसला तर तुला कोण सांगेल?

लेकिशोन : कोणी नाही. माझा मी शोधीन.

गाथोगो : आणि पाहुणे? सिंह न दिसणाऱ्या वाटाड्याकडे कोण येईल?

लेकिशोन : बघू.

गाथोगो : दे तो रेडिओ इकडे.

लेकिशोन : म्झे, त्यावर बोललेलं सगळ्या गाड्यांना ऐकू जातं. फाटकावरच्या रक्षकांनासुद्धा.

गाथोगो : बटण कुठलं ते सांग.

न्याकिओ : बाबा, नका.

गाथोगो : (रेडिओवर) सगळ्यांनी ऐका. मी मुरांगाचा गाथोगो बोलतोय, चहावाल्यांच्या सोसायटीचा अध्यक्ष. बिबट्या नव्हता. मला लघवीला लागली होती आणि तुमच्या नऊ गाड्या माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ह्या पोराने माझी अब्रू राखायला थाप मारली. ह्याला कोणी खोटारडा म्हणायचं नाही. संपलं. आता हे बंद कसं करतात?

लेकिशोन : बटण सोडा.

रेडिओ : नमस्कार, म्झे. मोकळे झालात ना नीट?

गाथोगो : झालो.

रेडिओ : मग ठीक. लेकिशोन, रात्री तळावर आलास की भेट. माझं तोंड जरा सुटलं मघाशी.

न्याकिओ : बाबा, अख्ख्या माराने ऐकलं.

गाथोगो : ऐकू दे. आमच्या जावयाला असलं काही कोणी बोललेलं मला चालणार नाही.

लेकिशोन : काय म्हणालात, म्झे?

गाथोगो : म्हणालो, तुझ्या वडिलांना घेऊन रविवारी ये. शनिवारी आमच्याकडे चहाची खुडणी असते.