नारिंगी मुठीचा चाकू

—नाही नाही, बोलू नका सर, फेस तोंडात जाईल. हो म्हणायचं असेल तर एक बोट दाखवा, नाही म्हणायचं असेल तर दोन, पण मान तेवढी हलवू नका, हा जुना अख्खा वस्तरा आहे, ब्लेडवाला नाही. तर काय सांगत होतो — चाकू. उद्या सकाळी तुम्ही ज्या पोरापोरींना जंगलात राहायला शिकवायला नेताय ना, त्यातली एक आमची. टिचकी. म्हणजे कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण घरात टिचकीच, जन्मली तेव्हा एवढीशी होती. ओळखलंत? एक बोट. वाटलंच मला. तर ती म्हणाली, बाबा, माझा पहिला चाकू तुम्हीच आणा, धारेतलं तुम्हाला कळतं. आता धारेतलं कळतं हे खरं, पण गालावरच्या! झाडपाल्यातलं मला काय कळणार? मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे — गाल फुगवा जरा — बघू म्हणजे वाटलं, विसरेल. विसरते कसली!

मग गेलो दुकानात. काय काय दाखवतो हो तो दुकानदार! एकाच्या पाठीला करवतीचे दात, मुठीवर होकायंत्र, मूठ उघडली की आत काड्या, सुई-दोरा — मी म्हटलं, अहो, चाकू आहे का शिवणाचा डबा? आणि किंमत ऐकून माझ्याच तोंडाला फेस आला. दुसरा दाखवला तो मिटणारा. देखणा, खिशात मावणारा, पण मिटणारी वस्तू नको तेव्हा मिटते, आणि मध्ये बोट कुणाचं? हिचं. नको म्हटलं. शेवटी कोपऱ्यातल्या खोक्यात एक सापडला, साधा, स्वस्तातला. पातं मधल्या बोटाहून जरासं लांब, पाठ जाड, आणि पोलाद मुठीच्या आतून थेट तिच्या टोकापर्यंत गेलेलं, म्हणजे मोडायची भीती नाही. गंजतं ते, पुसून तेलाचं बोट फिरवावं लागेल, पण धार झटकन घेतं. मूठ नारिंगी. अशी भडक की विचारू नका! दुकानदार म्हणाला, काळी देतो, शोभून दिसेल. मी म्हटलं, शोभायचंय कुणाला, हिच्या हातून वस्तू पडतात, पाचोळ्यात काळी मूठ शोधत बसायची. बरोबर घेतला ना? एक बोट — बरं, अंगठा काय दाखवताय, कळलं, पुरे. हात खाली घ्या.

तर चाकू चांगला आहे, तो प्रश्नच नाही. या आरशाखालच्या खणातच आहे. प्रश्न असा की — हनुवटी वर — धार. दुकानातून आला तेव्हाच कागद सरळ कापत होता. मनगटावरचे केस काढून बघितले, सवयच आहे, साफ निघाले. आणि मला हिचा हात दिसायला लागला. कुठेतरी एकटी बसलीये, काठी सोलतेय, लक्ष दुसरीकडे, हिचं लक्ष कायमच दुसरीकडे, आणि हाकेच्या अंतरावर माणूस नाही. हिच्या आईला काही वाटत नाही. जाऊ द्या हो, म्हणते, पोरगी मोठी झाली. तिचं काय जातंय बोलायला! रात्री कूस बदलत मी पडतो. आणि तुम्हाला ठाऊक आहे का, हे शिबिर झालं की ती तिकडेच नोकरी धरणार म्हणते, जंगलाच्या तोंडाशी, लोकांना वाटा दाखवायची? एक बोट. म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक. मला जेवताना सांगितलं, भाजी वाढा म्हणावं तसं. मग काय, येईल कधीतरी, पाहुणी म्हणून, पिशवी दारातच ठेवून. मला भीती वाटते हो. चाकूची नाही. दुसरी बाजू करा इकडे.

म्हणून विचारतो, समजा हं, नुसतं समजा, की एखाद्याने ती धार जराशी कमी केली तर? बोथट नाही म्हणत मी. जरा मऊ. दोन बोटं. अहो, पण नवशिकी पोर आहे — दोन बोटं, कळलं, पाच दाखवा हवी तर! डोळे कशाला मोठे करताय? बरं, केली. केली मी. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पातं उभं धरून दगडावर घासलं. आता लोणी कापतानाही दमेल तो. त्यात काय बिघडलं? दोन दिवस काठ्यांशी झटापट करेल, जमायचं नाही, वैतागेल, म्हणेल हे आपलं काम नव्हे, आणि येईल घरी. तुम्हीही जरा — तुमच्या हातात आहे सर — नुसतं एवढं म्हणा, पोरी, तुझा हात नाही बसत. एवढंच. आयुष्यभर दाढी फुकट करीन तुमची. तुमचं तेवढं एक वाक्य आणि माझी पोरगी —

हललात! म्हटलं होतं ना, मान हलवू — नाही. नाही हललात तुम्ही. थांबा, तुरटी लावतो. चुरचुरेल. दाबून धरा हा रुमाल. या खुर्चीत मी कुणाला — वस्तरा आज धारेच्या चामडी पट्ट्यावर ओढलाच नाही. त्या चाकूच्या नादात राहून गेला. बोथट होता, चालेना, म्हणून मी दाबला. दाबला की सटकतोच. इथे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मीच घसा फोडून सांगतो, धार असली की हात हलका राहतो, बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावला की रक्त. मीच सांगतो! आणि तीही अशीच जोर लावत बसली असती तिकडे. चाकूला नाव ठेवलं नसतं तिने, बाबांनी आणलाय ना. म्हणाली असती, माझाच हात वाईट.

काय म्हणताय? आता बोटं कशाला, तोंड मोकळं आहे की — नाही, बोलू नका. उठा. राहू दे अर्धी दाढी, उरलेली उद्या — उद्या कुठली, उद्या तुम्ही निघताय. राहू दे हो, जंगलात कोण बघतंय! ती येईलच आता चाकू न्यायला. दगड कुठे ठेवला मी? हा. आधी दगड, मग पट्टा, आणि पट्टा या खुर्चीलाच अडकवलाय. अहो, उठा ना सर. तो रुमाल न्या घरी. सरका, उजेड अडवताय तुम्ही.